ॲबिंग्डनची खतावणी

इंग्लंडातील ऑक्सफर्ड शहराच्या दक्षिणेस सहा-सात मैलांवर, थेम्स नदीच्या काठी ॲबिंग्डन नावाचे एक जुने गाव आहे. त्या गावातील एम.जी. मोटारींच्या कारखान्यात नव्या नमुन्याच्या गाड्यांना क्रमांक घालण्यास प्रारंभ होई, तो बहुधा एकापासून नव्हे, तर दोनशे एक्कावन्नापासून होई. आणि या चमत्कारिक रिवाजाचे कारण एवढेच, की कारखान्याचा टेलिफोन क्रमांक २५१ होता. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर १९४५ साली जी पहिली टी.सी. गाडी तयार झाली तिच्या सांगाड्यावर ०२५१ हा आकडा ठोकला गेला, आणि १९४९ च्या अखेरीस शेवटची टी.सी. बाहेर पडली तिच्यावर १०२५१. वजाबाकी करणाऱ्यास नेमके दहा हजार मिळतात व पुस्तकांतून तोच आकडा छापलेला आढळतो. परंतु मोजणीत दोन्ही टोके धरावयाची असतात हे ज्याच्या ध्यानात आहे तो कारकून १०,००१ असे लिहील. एका गाडीच्या फरकाने कोणाचे काही अडत नाही हे खरे. तथापि ज्या वंशाची संख्या तीन हजारांपासून पाच लाखांच्या पलीकडे गेली, त्याची खतावणी वाचताना आकडा कसा बनतो, कोण बनवितो आणि तो कशाची साक्ष देतो याविषयी थोडे सावध राहिलेले बरे, एवढा बोध या नोंदीवरून घेता येतो.

एम.जी. ही अक्षरे मॉरिस गॅरेजेस या नावाची. सायकली दुरुस्त करण्यापासून उद्योगास आरंभ करून पुढे इंग्लंडातील मोठ्या मोटार-कारखानदारांत ज्यांची गणना झाली त्या विल्यम मॉरिस यांची ऑक्सफर्ड येथील ही विक्रीची व दुरुस्तीची पेढी होती, आणि १९२२ पासून तिचा कारभार सेसिल किंबर नावाच्या गृहस्थाकडे होता. किंबर यांना मोटारीची बैठक कशी असावी, तिची रेषा कोठे उतरावी, याची जन्मजात दृष्टी होती. मॉरिसच्या साध्यासुध्या सांगाड्यावर देखणी पेटी चढवून ती थोड्या अधिक किमतीस विकावी, हा त्यांचा व्यवसाय. १९२८ साली लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी ‘मिजेट’ मांडली. तिचा सांगाडा व ८४७ घनसेंटिमीटरचे इंजिन मॉरिस मायनर या कौटुंबिक गाडीचे, वरची पेटी प्लायवूडची व तीवर कापड ताणलेले, आणि किंमत १७५ पौंड. तोवर वेगवान दुआसनी मोटार म्हणजे सरदार-सावकारांचा विलास समजला जाई. ती एखाद्या बँकेतील तरुण कारकुनालाही स्वप्नात तरी आणता यावी इतकी खाली उतरविली ती या गाडीने. पुढील वर्षी कारखाना ॲबिंग्डनला, एका कातडी-कारखान्याच्या रिकाम्या पडलेल्या इमारतीत हलला, आणि १९३२ पर्यंत या पहिल्या मिजेटच्या ३,२३५ गाड्या निघाल्या.

त्याच काळात शर्यतींतील नाव मिळवून दिले ते मात्र दुसऱ्याच गाडीने. ‘के थ्री’ या जातीच्या अवघ्या ३३ गाड्या बनल्या; त्यांनी १९३३ साली इटलीतील हजार मैलांच्या शर्यतीत आपल्या वर्गात बाजी मारली, आणि त्याच वर्षी अल्स्टर येथील टूरिस्ट ट्रॉफी नुवोलारीसारख्या धुरंधर चालकाने तीच गाडी हाकून जिंकली. कीर्तीचे खाते तेहतीस गाड्यांचे आणि पोटापाण्याचे खाते हजारोंचे, अशी ही विभागणी प्रारंभापासूनच होती, आणि कारखान्याचे धनी ती ओळखून होते. १९३५ साली, तोवर लॉर्ड नफील्ड झालेल्या मॉरिस यांनी, ही खाजगी मालमत्ता आपल्याच मोठ्या कंपनीच्या स्वाधीन केली. शर्यतीचे खाते तत्काळ बरखास्त झाले, आणि पुढची मिजेट, म्हणजे १९३६ ची टी.ए., कौटुंबिक गाडीतील साध्या रचनेचे इंजिन घेऊन आली. रसिकांनी नाके मुरडली. पूर्वीचे ते नाजूक, शिरावरच्या दांड्याने झडपा हलविणारे इंजिन गेले, आता एम.जी.मध्ये एम.जी.चे राहिले काय, असा त्यांचा आक्षेप होता. परंतु तिच्या आधीच्या पी.ए. गाडीची संख्या दोन हजारांच्याही आत राहिली होती, आणि या ‘भ्रष्ट’ टी.ए.च्या ३,००३ गाड्या खपल्या. तिच्या जागी आलेल्या टी.बी.च्या ३७९ गाड्या बाहेर पडतात न पडतात तोच सप्टेंबर १९३९ उजाडला आणि कारखान्यात मोटारींऐवजी रणगाड्यांची दुरुस्ती व विमानांचे भाग यांची कामे सुरू झाली. विमानाचे असेच एक काम वरिष्ठांच्या मंजुरीवाचून अंगावर घेतले या सबबीवर १९४१ साली किंबर यांना घरी बसविण्यात आले, आणि १९४५ च्या फेब्रुवारीत लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकाजवळ झालेल्या एका आगगाडीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. आपण लावलेल्या रोपाचा विस्तार त्यांना पाहावयास मिळाला नाही.

युद्धोत्तर इंग्लंड हे विजयी परंतु कर्जबाजारी राष्ट्र होते. डॉलर हवे होते, पोलाद तुटपुंजे होते, आणि सरकारने या दोन गोष्टींची सांगड अशी घातली की जो कारखानदार आपला माल परदेशी धाडील त्यालाच पोलादाचा कोटा मिळावा. हिंदुस्थानात १९४२ च्या अयशस्वी शिष्टाईमुळे ज्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते स्टॅफर्ड क्रिप्स या वेळी व्यापारखात्याचे मंत्री होते, आणि निम्म्या गाड्या निर्यात करा असा तगादा त्यांनी मोटारवाल्यांच्या मागे लावला. ॲबिंग्डनपाशी नवी गाडी काढण्यास ना वेळ होता ना हत्यारे. त्यांनी टी.बी.चीच बैठक चार इंच रुंद केली, किरकोळ सुधारणा केल्या आणि तिचे नाव टी.सी. ठेवले. ॲश लाकडाच्या चौकटीवर ठोकलेला पत्रा, आऱ्यांची उंच चाके, पुढेमागे कडक कमानपाटे. युद्धापूर्वीच जुनी वाटू लागलेली ही गाडी शेवटचे वर्ष सोडल्यास वर्षावर्षाला अधिकाधिक निघत गेली. १९४५ मध्ये ८१, पुढील वर्षी १,६७५, मग २,३४६, मग ३,०८५, आणि शेवटच्या वर्षी २,८१३.

याच गाडीविषयी एक लोकप्रिय आख्यायिका आहे, ती अशी, की इंग्लंडात तळ ठोकून असलेले अमेरिकन सैनिक तिच्या प्रेमात पडले, तिला मायदेशी घेऊन गेले आणि तिने अमेरिका जिंकली. आख्यायिकेत तथ्यांश आहे. अमेरिकेतील स्पोर्ट्स मोटारीच्या हौसेला या गाडीने तोंड फोडले हे कोणी नाकारीत नाही. पण खतावणी पाहावी तर दहा हजारांपैकी जेमतेम दोन हजार गाड्या संयुक्त संस्थानांत गेल्या, आणि उजव्या बाजूने रहदारी चालणाऱ्या त्या देशासाठी डाव्या हाताच्या सुकाणूची एकही टी.सी. कारखान्याने कधी बनविली नाही. विजयाच्या कथा पुष्कळदा विजयानंतर रचल्या जातात. खरा विजय होता तो टी.डी.चा, आणि तिच्याबद्दल आख्यायिका जवळजवळ नाहीच.

टी.डी.चा जन्म अत्यंत निरुपायातून झाला. त्या सुमारास कारखान्यात वाय नावाची एक चार दारांची घरगुती एम.जी. बनत असे, तिच्या पुढच्या चाकांना एकमेकांपासून स्वतंत्र अशी स्प्रिंगांची रचना होती, आणि ती आखणाऱ्यांत पुढे मिनी मोटारीचा जनक म्हणून ख्यातनाम झालेले ॲलेक इसिगॉनिस हे होते. ॲबिंग्डनच्या कारागिरांनी या घरगुती गाडीचा सांगाडा कापून आखूड केला, त्यावर टी.सी.ची पेटी बसविली, आणि अवघ्या काही दिवसांत नव्या गाडीचा पहिला नमुना उभा राहिला. आऱ्यांच्या ऐवजी साधी पत्र्याची चाके आली तेव्हा जुन्या भक्तांनी पुन्हा नाके मुरडली. परंतु आता सुकाणू डावीकडे बसविता येत होते, खड्ड्यातून जाताना पाठीचा कणा शाबूत राहत होता, आणि अमेरिकन गिऱ्हाइकाला हेच हवे होते. १९५२ या एका वर्षात १०,८३८ टी.डी. बनल्या, म्हणजे टी.सी.च्या उभ्या कारकीर्दीत बनल्या त्याहूनही अधिक. आणि चार वर्षांत जमा झालेल्या एकूण २९,६६४ पैकी २३,४८८ अमेरिकेस रवाना झाल्या. स्वतः इंग्लंडातील गिऱ्हाइकांच्या वाट्याला दोन हजारही आल्या नाहीत. ‘अस्सल इंग्लिश मोटार’ म्हणून जगाने जिला ओळखले, ती अस्सल इंग्लिश माणसाला विकत घ्यावयाची म्हटली तरी मिळत नव्हती.

येथून पुढे संख्येने उडी घ्यावी तर मध्येच राजकारण आडवे आले. १९५२ साली ऑस्टिन आणि नफील्ड या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा एकोपा होऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन ही संस्था झाली व तिची सूत्रे ऑस्टिनच्या लेनर्ड लॉर्ड यांच्या हाती गेली. ॲबिंग्डनचे सिड एनेव्हर यांनी एका शर्यतीच्या टी.डी.वर वाऱ्याला वाट देणारी गोलाईची पेटी चढवून पाहिली होती, आणि तीवरून एक सर्वस्वी नवी गाडी त्यांनी सिद्ध केली; परंतु लॉर्ड यांनी त्याच सुमारास ऑस्टिन-हीली ही गाडी काढण्याचा करार केलेला असल्यामुळे तिला नामंजुरी मिळाली. हात बांधलेल्या ॲबिंग्डनने टी.डी.चीच डागडुजी करून टी.एफ. काढली. आज संग्राहक तिच्यावर जीव टाकतात. त्या वेळी मात्र ती शिळी वाटली आणि ९,६०० वर थांबली.

अखेर मंजुरी आली आणि १९५५ च्या सप्टेंबरात एम.जी.ए. बाजारात उतरली. तिचे रूप नवे होते, पण आत होते ते बी-मालिकेचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, जे त्या संस्थेच्या मध्यम आकाराच्या कितीतरी घरगुती गाड्यांना बसविले जात होते. मराठी वाचकाला त्याची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या ज्या तिसऱ्या आवृत्तीवरून कलकत्त्याजवळील उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसॅडर बनू लागली, तिचे इंजिन याच कुळीचे. आणि आपल्याकडे कलेक्टरच्या दिमतीला व टॅक्सीच्या अड्ड्यावर सारख्याच निर्विकारपणे उभी राहिलेली ती गाडी आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर टप उघडून धावणारी एम.जी.ए. या दोघी, एकीला एक व दुसरीला दोन कार्ब्युरेटर एवढा भेद सोडला तर, हृदयाने सख्ख्या बहिणी होत्या. हा विनोद नव्हे. संख्यावाढीचे मर्मच येथे आहे. इंजिन, गिअरपेटी, मागचा आस यांचा साचेबंदीचा व यंत्रसामग्रीचा प्रचंड खर्च लाखो कुटुंबवत्सल गिऱ्हाइकांनी आधीच भरलेला असल्यामुळे, स्पोर्ट्स मोटारीच्या माथी फक्त तिच्या पेटीचा व जोडणीचा खर्च बसे, आणि म्हणून ती स्वस्त पडे.

या नियमाचा उलटा पुरावाही त्याच गाडीने दिला. १९५८ साली तिच्यात झडपा हलविणाऱ्या दोन दांड्यांचे एक खास इंजिन बसवून ‘ट्विन कॅम’ काढण्यात आली. कागदावर ती साऱ्यांत श्रेष्ठ होती. शंभराच्या वर अश्वशक्ती, शर्यतीस योग्य अशी चाके, चारही चाकांना डिस्क ब्रेक. परंतु तिला उच्च प्रतीचेच पेट्रोल लागे, इंजिनाचे दट्टे जळून त्यांना भोके पडत, आणि हमीच्या मुदतीतील दुरुस्त्यांनी कारखाना हैराण झाला. दोन वर्षांत २,१११ गाड्या काढून तो नाद सोडावा लागला. एम.जी.ए.ची एकूण संख्या १,०१,०८१. त्यांतील ५८,७५० एकट्या पहिल्या, अगदी साध्या इंजिनाच्या. आणि लाखावरच्या या आकड्यातून इंग्लंडात राहिल्या किती? ५,८६९.

एक लाखाची मजल गाठल्यावर पुढच्या गाडीचा विचार निराळ्या मापाने करणे भाग होते. १९६२ साली आलेली एम.जी.बी. हिला स्वतंत्र सांगाडाच नव्हता. दाबयंत्रात ठोकलेले पत्रे एकत्र सांधून बनलेली पेटी हाच तिचा सांगाडा. अशा रचनेत वजन वाचते, बसावयास जागा अधिक मिळते. मात्र पत्रे ठोकण्याच्या ठशांवर आगाऊ ओतावी लागणारी रक्कम फार मोठी असते, आणि ती वसूल व्हावयाची तर गाड्याही तशाच फार खपाव्या लागतात. ॲबिंग्डनचे व्यवस्थापक जॉन थॉर्नली यांना वरिष्ठांकडून इतका पैसा मंजूर होण्याची आशा नव्हती. त्यांनी पेट्या पुरविणाऱ्या प्रेस्ड स्टील कंपनीशी असा सौदा केला की ठशांची आगाऊ रक्कम तिने कमी घ्यावी आणि मोबदल्यात दर पेटीमागे थोडी जास्त किंमत लावावी. गाडी माफक खपली असती तर हा सौदा चतुराईचा ठरला असता. ती पाच लाखांवर गेली, आणि दर पेटीमागचा तो किरकोळ वाढावा मूळ बचतीच्या कितीतरी पलीकडे पोहोचला. मला या सौद्यात थॉर्नली यांची चूक दिसत नाही. खिसा रिकामा असलेल्या माणसाला हप्त्यानेच खरेदी करावी लागते, आणि पाच लाखांचे भाकीत १९६२ साली केले असते तर त्यांना कोणी शहाण्यांत गणले नसते.

नव्या गाडीत सुखसोयी आल्या होत्या. उघड्या एम.जी.ए.च्या दाराला बाहेरून मूठसुद्धा नव्हती, एम.जी.बी.ला वरखाली होणाऱ्या काचा होत्या, कुलूप होते, बऱ्यापैकी डिकी होती. १९६५ पासून इटलीतील पिनिनफरिना यांच्या हातून कायम छताची जी.टी. आली, आणि पावसाळी प्रदेशातल्या, पोरेबाळे असलेल्या गिऱ्हाइकाचीही सोय झाली. उघड्या ३,८६,९६१ आणि छताच्या १,२५,२८२ मिळून ५,१२,२४३ ही संख्या होते. बी-मालिकेचे इंजिन येथे १,७९८ घनसेंटिमीटरपर्यंत वाढले होते, परंतु कूळ तेच. सहा नळकांड्यांचे जड इंजिन घातलेल्या एम.जी.सी.चे सुमारे नऊ हजार, आणि आठ नळकांड्यांच्या जी.टी.चे २,५९१, हे अपवाद ट्विन कॅमच्याच पंक्तीला बसतात.

गंमत अशी, की लाखांच्या या हिशेबात ॲबिंग्डनचा कारखाना स्वतः जवळजवळ काहीच घडवीत नसे. पेट्या स्विंडनहून निघत, इंजिने मिडलंड्समधून येत, आणि येथे फक्त जोडणी होई. तीही सरकत्या पट्ट्यावर नव्हे, तर गाडी माणसांनी हाताने एका टप्प्यावरून पुढच्या टप्प्यावर ढकलीत नेऊन. फोर्डच्या कारखान्यांची वर्णने वाचलेल्यास हे दृश्य मागासलेले वाटेल, पण यंत्रे मांडण्यात भांडवल न अडकल्यामुळे नमुना बदलावयास फारसे सायास पडत नसत, आणि कामगारांची कारखान्याविषयीची आपुलकी हा त्या संस्थेत एक दुर्मिळ प्रकार होता.

आता पाच लाखांच्या आकड्यापुढे मान तुकविण्यापूर्वी एक साधा भागाकार करून पाहावा. एम.जी.ए. सुमारे सात वर्षे चालली, म्हणजे सरासरी वर्षाला चौदा हजार चारशे, एम.जी.बी. अठरा वर्षे चालली, म्हणजे वर्षाला अठ्ठावीस हजारांच्या आसपास. एकूण संख्या पाचपट, वार्षिक गती मात्र फक्त दुप्पट. उरलेली वाढ आयुष्यमानाची आहे, आणि ते आयुष्य केवळ लोकप्रियतेने लांबले नाही. १९६८ साली झालेल्या नव्या विलीनीकरणात ब्रिटिश लेलँडच्या छत्राखाली एम.जी. आणि तिची जुनी प्रतिस्पर्धी ट्रायम्फ एकत्र आल्या. धन्यांचा ओढा ट्रायम्फकडे होता, आणि एम.जी.बी.च्या जागी दुसरी गाडी काढण्यास कोणी पैसा देईना. तिचा सर्वोत्तम काळ १९७२ च्या सुमारास येऊन गेला. त्या वर्षी ३९,००० हून अधिक निघाल्या. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या अपघात व धूर यांविषयीच्या कायद्यांनी तिचे रूप पालटले. १९७४ च्या अखेरीस तिच्या तोंडावर काळ्या रबराचा जाड बंपर आला, बंपरच्या उंचीचा नियम पाळण्यासाठी सबंध गाडी दीड इंच वर उचलली गेली, वळणावर ती डोलू लागली, आणि धूर आवरण्याच्या उपायांत इंजिनाची ताकद गळाली. अशा अवस्थेतही तिला गिऱ्हाईक मिळत राहिले, कारण उघड्या टपाची दुसरी स्वस्त गाडी बाजारात विरळ झाली होती. यास्तव पाच लाखांच्या आकड्यात गाडीच्या गुणांइतकाच धन्यांच्या अनास्थेचाही भाग आहे असे मी समजतो.

शेवट झाला तो हुंडणावळीने. अमेरिकेवर अवलंबून असलेल्या मालाला पौंड महाग होणे म्हणजे घातच. १९७९ च्या सुमारास पौंड चढत गेला आणि तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तोटा येतो असा हिशेब ब्रिटिश लेलँडने मांडला. ॲबिंग्डनमध्ये कारखान्याच्या वास्तव्याचा सुवर्णमहोत्सव साजरा होऊन त्याची तोरणे उतरतात न उतरतात तोच, १० सप्टेंबर १९७९ रोजी, तो बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला. ॲस्टन मार्टिनच्या पुढाकाराने एक मंडळ कारखाना विकत घेण्यास पुढे आले, पण व्यवहार जमला नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एम.जी.बी. बाहेर पडली. तोवर त्या गावातून सर्व जातींच्या मिळून अकरा लाखांवर गाड्या गेल्या होत्या.

ज्या ठशांच्या रकमेवरून थॉर्नली यांनी घासाघीस केली होती ते मात्र मोडीत निघाले नाहीत. ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने ते हुडकून एकत्र केले आणि १९८८ पासून, जुन्या गाड्या गंजून गेलेल्या मालकांसाठी, त्यांतून कोऱ्या पेट्या काढण्यास सुरुवात केली. याच पेटीच्या आधारे १९९२ ते १९९५ या अवधीत आठ नळकांड्यांची आर.व्ही.एट ही गाडी विकली गेली. ती सुमारे दोन हजार बनली आणि तिची बहुतेक गिऱ्हाइके जपानात निघाली. सुट्या विकल्या गेलेल्या पेट्या कोणत्याच नमुन्याच्या खाती जमा झालेल्या नाहीत, कारण त्यांतील पेटी नवी असली तरी कागदोपत्री गाडी जुनीच असते, आणि तिची मोजणी ॲबिंग्डनने पूर्वीच केलेली आहे.